ए शिल्लक नाही

लोहार चाळीत जिन्याखाली आमचं दुकान.
रुंदी एका माणसाच्या खांद्यांएवढी.
पितळी अक्षरं सुटी मिळत, नगाला अठरा रुपये,
मग तो काडीसारखा आय असो
की ऐसपैस मांडी घालून बसलेला डब्ल्यू.
"आयवाल्याला आपण लुटतो," मी म्हणायचे.
"डब्ल्यूवाला मला लुटतो," भाऊ म्हणायचे, "फिटंफाट."

ए सगळ्यात आधी संपायचा.
माणगावकरांच्या एका पाटीला तीन.
जगन्नाथ परब आले की पाच.
शाह एकावर भागवत, म्हणून भाऊंना शाह आवडत.
क्यू, एक्स, झेड यांना कोण विचारतो?
आमच्या माणसांच्या नावांत ते बसत नाहीत.
बिस्किटांच्या डब्यात तळाशी
हिरवे होत पडलेले असत.

जेवणानंतर गिऱ्हाईक नसे
तेव्हा भाऊ एक सागवानी पट्टी काढत,
पाच खाचांची. सहावी वाळवीनं खाल्लेली.
"ए न घेता शब्द लाव.
आणि अर्थ सांग, नाहीतर अक्षरं परत डब्यात."

डी, ओ, झेड, ई, एन.
भाऊंनी चष्मा कपाळावर सारला.
"डझन? हा इंग्रजी होय?
जन्मभर केळी घेतली की मी यानं."
एम, आय, एक्स, ई, आर. मिक्सर.
अर्थ वरच्या मजल्यावर चटणी वाटत होता,
सांगावा लागला नाही.
एस, आय, एक्स, टी, एच. म्हणजे सहावा.
"पाच अक्षरांत सहावा! लबाड भाषा."
मग बोटांवर मोजून:
"डझन मराठीत तीन अक्षरांत होतो.
वरच्या दोघांचे छत्तीस रुपये कोण खातं?"
मी एम.ए. झाले, तरी याचं उत्तर मला आलेलं नाही.

क्यू, यू, आय, ई, टी. क्वाएट, शांत.
शेवटच्या दोघांनी जागा बदलली की
क्वाइट, बऱ्यापैकी.
हे त्यांना इतकं आवडलं
की कोपऱ्यावरचा वायरवालासुद्धा बघून गेला.

परळच्या इस्पितळात
डॉक्टरांनी भाऊंच्या गळ्यातून आवाज काढून घेतला.
भिंतीवर तोच शब्द, क्वाएट,
प्लास्टिकचा, क्यूची शेपटी तुटलेली.
भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं
आणि धंद्यातल्या माणसासारखं नाक मुरडलं.

उजव्या हातात सुई, पेन धरवेना.
वेळ जावा म्हणून मी डबा आणि पट्टी नेली होती.
तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं त्यांनी डबा ओढला.
डब्ल्यू लावला. एक खाच सोडली.
टी, ई, आर.
मग त्या रिकाम्या खाचेकडे बोट,
डब्याकडे बोट, माझ्याकडे बोट.
मी उपडा केला डबा चादरीवर.
ए नव्हता.
पाणी म्हणायलाही तोच लागतो, म्हणून गप्प राहिले,
मला तर शब्द केव्हाच कळला होता
पण हात मध्ये घालायची हिंमत होईना.

भाऊंनी एक व्ही उचलला. उलटा केला.
बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.
मग माझ्या केसांतली पिन मागितली,
नुसत्या भुवयांनी,
आणि ती त्याच्या पोटावर आडवी ठेवली.

सिस्टर लिसम्मानं वाचलं, मान हलवली.
"अजून नाही. चार दिवस तरी नाही."
कापसाचा बोळा ओला करून
तिनं त्यांच्या ओठांवरून फिरवला,
एकदा, दोनदा.

भाऊ डोळे मिटून पडले.
मग त्याच हातानं
एकेक अक्षर डब्यात टाकलं,
पाच नग, नव्वद रुपये,
आणि पिन तेवढी वेगळी काढून
माझ्या तळहातावर ठेवली.
आमच्या मालात ती धरलेली नव्हती.